राखाडीच्या वीस पायऱ्या

लेकीचा फोटो आला तेव्हा मी चहा गाळत होतो. अमेरिकेतल्या सिएटलच्या उत्तरेला एडमंड्स नावाचं गाव आहे, तिथून पलीकडच्या किंग्स्टनला फेरीबोट जाते. त्या धक्क्याजवळच्या लाकडी खांबावर एक कुरव (इंग्रजीत गल) बसलेला. खाली तिची ओळ: "बाबा, हा कोण? पाठ वेस्टर्नइतकी गडद नाही आणि ग्लॉकस-विंग्डइतकी फिकीही नाही."

चहा गार झाला. ही म्हणाली, आधी घोट तरी घ्या. पण मला त्या प्रश्नाचाच आनंद झाला होता. दोन वर्षांपूर्वी हीच मुलगी प्रत्येक कुरवाला 'सीगल' म्हणायची. आता ती पाठीचा रंग कुरवांच्या दोन जातींच्या रंगांमध्ये कुठे बसतो ते विचारते आहे.

मी आयुष्यभर छापखान्यात काम केलं. बुधवार पेठेतल्या एका ऑफसेट प्रेसमध्ये प्रोसेस कॅमेऱ्यावर, म्हणजे छापायच्या चित्रांचे फोटो काढायच्या मोठ्या कॅमेऱ्यावर, लागलो आणि निवृत्त होईपर्यंत रंगच बघत राहिलो. पक्षी बघायला लागलो ते पन्नाशीनंतर, तेही मुठेच्या काठानं चालता चालता. बदकं, करकोचे, धोबी, सगळे आवडले. पण कुरवांशी जे जमलं ते इतर कोणाशी जमलं नाही. त्याचं कारण सरळ आहे. कुरव ओळखायचा म्हणजे राखाडी रंग वाचायचा, आणि राखाडी हा माझ्या धंद्याचा रंग.

आमच्या कॅमेऱ्याजवळ कोडॅकची एक पट्टी असायची. ग्रे स्केल. आठ इंच लांब, तिच्यावर राखाडीचे वीस चौकोन. शून्य म्हणजे पांढरा, एकोणीस म्हणजे काळा, मध्ये एकेक पायरी गडद होत जाणारी. चित्राचा फोटो काढताना ही पट्टी शेजारी लावायची, म्हणजे निगेटिव्ह धुतल्यावर कुठला राखाडी कुठे गेला ते कळायचं. निवृत्त झालो त्या दिवशी मालकांनी शाल-श्रीफळ दिलं, आणि मी मागून घेतली ती ही पट्टी. ती अजून कपाटात आहे, कागदी पाकिटात, कडा किंचित पिवळ्या झालेल्या.

पुढे सिएटलला लेकीकडे एक अख्खा हिवाळा राहिलो, तेव्हा तिथल्या वाचनालयातून कुरवांवरची जाडजूड पुस्तकं आणली. त्यात प्रत्येक जातीच्या पाठीपुढे एक आकडा दिलेला. कसला आकडा म्हणून मागे जाऊन वाचलं तर काय, तीच कोडॅकची पट्टी! अभ्यासकांनी संग्रहालयातल्या जतन केलेल्या पक्ष्यांशेजारी ती धरून पाठीचे रंग मोजले होते. ग्लॉकस-विंग्ड गल साधारण पाच ते सहा. वेस्टर्न गल आठच्या आसपास आणि पुढे. मी त्या रात्री नीट झोपलो नाही.

हे दोन पक्षी कोण, ते सांगतो. वेस्टर्न गल हा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा, वॉशिंग्टन राज्यापासून खाली मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियापर्यंत वीण करणारा. पाठ गडद पाटीच्या दगडासारखी, पंखांची टोकं काळी, डोळ्याभोवतीचं कडं पिवळं. ग्लॉकस-विंग्ड हा उत्तरेचा, अलास्कापासून खाली येणारा. त्याची पाठ फिकट राखाडी आणि पंखांची टोकं जवळजवळ त्याच राखाडीची. हे टोक महत्त्वाचं. बहुतेक मोठ्या कुरवांची टोकं काळी असतात, याची नाहीत, त्यामुळे बसलेला पक्षी एकाच रंगात बुडवून काढल्यासारखा दिसतो. डोळा गडद, कडं गुलाबी. पाय दोघांचेही गुलाबी, चोच दोघांचीही जाड, पिवळी, खालच्या चोचीवर लाल ठिपका.

वॉशिंग्टन आणि ओरेगॉनच्या किनाऱ्यावर या दोघांचे प्रदेश एकमेकांवर येतात आणि तिथे ते सर्रास जोड्या करतात. त्यांची पिल्लं मोठी होऊन पुन्हा शुद्ध वेस्टर्नशी, शुद्ध ग्लॉकस-विंग्डशी किंवा आपल्यासारख्याच संकरिताशी जोडी करतात. असं पिढ्यान् पिढ्या चाललंय. वॉशिंग्टनमधल्या ऑलिंपिक द्वीपकल्पावरून तिथले लोक या संकराला 'ऑलिंपिक गल' म्हणतात. अधिकृत नाव नाही ते, पण बंदरावर दुर्बीण घेऊन उभ्या असलेल्या कोणालाही विचारा, लगेच कळतं. सिएटलमध्ये हिवाळ्यात मोठा कुरव दिसला की आधी हीच शक्यता मनात आणायची. दुर्मीळ म्हणून शोधायची ही गोष्ट नाही.

मला हे पचायला वेळ लागला. आपल्याकडे संकर म्हणजे अपवाद. इथे अपवादच गर्दी करून बसलेला.

असं का व्हावं, दोन जाती एकमेकींत विरघळून का जात नाहीत किंवा संकरित मरून का जात नाहीत, यावर अभ्यास झाला आहे. थॉमस गुड आणि सहकाऱ्यांचा एक निबंध 2000 साली 'एव्होल्यूशन' या नियतकालिकात आला. त्यांचं म्हणणं असं, की या मधल्या पट्ट्यात संकरित कुरव आईबापांपेक्षा कमी पडत नाहीत, काही बाबतींत वरचढच ठरतात. झाडोऱ्याच्या आडोशाला घरटं करायची सवय ग्लॉकस-विंग्डकडून, पिल्लांना मासे भरवण्याची वेस्टर्नकडून, अशा दोन्हीकडच्या चांगल्या गोष्टी त्यांच्यात एकत्र येतात. पण हा फायदा त्या पट्ट्यापुरताच. त्याच्या उत्तरेला आणि दक्षिणेला मूळ जातीच बऱ्या. म्हणून पट्टा टिकून आहे आणि दोन्ही बाजूंना दोन जातीही टिकून आहेत. मी हे वाचलं तेव्हा लेकीच्या स्वयंपाकघरात बसलो होतो, आणि खिडकीसमोरच्या दिव्याच्या खांबावर एक ऑलिंपिक बसला होता. त्याच्याकडे बघताना मला पहिल्यांदा वाटलं, की हा कशाचा तरी अर्धा नाही. हा इथला आहे.

आता मुद्द्याकडे येतो. ओळखायचा कसा?

पहिली गोष्ट वय. मोठ्या कुरवाला पूर्ण पिसारा यायला साधारण चार वर्षं लागतात. पहिली दोन वर्षं तो तपकिरी, ठिपक्यांचा, चोच काळपट. त्या वयात ऑलिंपिक ओळखणं मला जमत नाही आणि मी प्रयत्नही करत नाही. वेस्टर्नचं पिल्लू गडद, ग्लॉकस-विंग्डचं कॉफीत खूप दूध घातल्यासारखं, हे खरं, पण उन्हानं पिसं विटतात, आणि वसंत येईपर्यंत चांगला गडद पक्षीही धुवून धुवून विरलेल्या बनियनसारखा पांढुरका होतो. संकराबद्दल बोलायचं तर पूर्ण वाढलेल्या पक्ष्याबद्दल बोलावं, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट पंखाचं टोक. पाठीपेक्षा मी टोकाकडे आधी बघतो. टोक पाठीच्याच रंगाचं असेल तर ग्लॉकस-विंग्ड. टोक काळंकुळकुळीत आणि पाठ गडद असेल तर वेस्टर्न. आणि टोक पाठीपेक्षा स्पष्ट गडद पण काळं नाही, शिसपेन्सिलीनं घासल्यासारखं, तर कान टवकारायचे. पंख उघडला तर आणखी बरं. खालून बघितल्यावर वेस्टर्नचं टोक गडदच राहतं, ऑलिंपिकचं बऱ्याचदा मऊ राखाडी दिसतं. फोटो काढायचाच असेल तर पंख झटकतानाचा काढावा, एरवीचे शंभर फोटो त्याच्यापुढे फुकट.

तिसरी गोष्ट पाठ, आणि इथे माझा छापखाना कामाला येतो. एकटा राखाडी कधीच खरं बोलत नाही. पांढऱ्यावर ठेवला की गडद दिसतो, काळ्यावर ठेवला की फिका. नव्या मुलाला मी आठवड्याभरात हे दाखवायचो. एकाच राखाडी छटेचे दोन तुकडे कापायचे, एक पांढऱ्या कागदावर, एक काळ्या कागदावर. पोरं शपथेवर सांगायची की दोन वेगळे रंग आहेत. कुरवाचंही तसंच. ओल्या काळ्या खडकावर बसलेला आणि बर्फावर बसलेला एकच पक्षी दोन वेगळ्या जातींचा वाटतो. त्यात तो सूर्याकडे थोडा वळला की पाठ एक-दोन पायऱ्या उजळते. त्यात कॅमेरा. पाण्याचा गडद भाग जास्त असला की कॅमेरा सगळंच उजळ करतो आणि आठचा राखाडी सहावर येऊन बसतो. म्हणून पाठीचा आकडा एकट्या पक्ष्याच्या फोटोवरून देऊ नये. शेजारी दुसरा कुरव हवा, त्याच उजेडात, त्याच कोनात उभा. मग 'याच्यापेक्षा गडद, त्याच्यापेक्षा फिका' असं म्हणता येतं, आणि तेवढं पुरतं.

सिएटलचं ढगाळ आभाळ या कामाला फार उत्तम. लोक त्या हवामानाला कंटाळतात. मला तो प्रकाश म्हणजे आमच्या कॅमेऱ्याच्या खोलीतला प्रकाश वाटायचा, सगळीकडून सारखा पडणारा, सावली नाही, चकाकी नाही. आमच्या उजनीच्या पाण्यावरच्या भिगवणला सकाळी नऊनंतर असं होतं का? तिथे पांढरा पक्षी म्हणजे नुसता आरसा.

मग बाकीच्या खुणा. हिवाळ्यात ग्लॉकस-विंग्डचं डोकं आणि मान मळकट होते, बोटांचे ठसे उमटल्यासारखी. वेस्टर्नचं डोकं हिवाळ्यातही बऱ्यापैकी पांढरं राहतं. त्यामुळे पाठ गडद, टोक गडद आणि तरी डोकं चांगलंच मळलेलं असा पक्षी डिसेंबरात दिसला, तर तो ऑलिंपिक असण्याची शक्यता खूप वाढते. मला ही खूण सगळ्यात आवडते. डोळ्याभोवतीचं कडं विणीच्या काळात बघावं. पिवळ्यात गुलाबी मिसळलेलं, जागोजागी वेगळं असं दिसतं. पण त्यासाठी पक्षी जवळ हवा आणि स्कोप (मोठी दुर्बीण) चांगला हवा.

चोच या दोघांना वेगळं करत नाही, दोघांचीही जाडच. पण तिसऱ्याला दूर ठेवते. फिकी पाठ, गडद टोक बघून लोक हेरिंग गल म्हणून मोकळे होतात, किंवा थेअर्स गल म्हणून, जो 2017 पासून अमेरिकेतल्या यादीत आइसलँड गलमध्ये विलीन झाला. हेरिंगचा डोळा पिवळट फिका असतो, टोक खरंखुरं काळं असतं. थेअर्सचं डोकं गोल, चोच नाजूक. ऑलिंपिकची चोच पुढे फुगलेली, कपाळ चपटं, एकंदर आखाड्यातल्या पैलवानासारखा. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्म्या चुका टळतात.

या सगळ्यातली कुठलीही एक खूण घेऊन निकाल देऊ नये. एक खूण वेगळी निघाली तर शुद्ध जातीतही थोडा फरक असतोच. तीन-चार खुणा एकाच दिशेनं बोलायला लागल्या की मगच संकर म्हणावं. एकोणिसाव्या शतकात अलास्कातल्या एका कुरवाला नवी जात समजून 'नेल्सन्स गल' असं नाव दिलं गेलं होतं. पुढे कळलं, तो ग्लॉकस (ग्लॉकस-विंग्ड नव्हे, ही वेगळी जात) आणि हेरिंगचा संकर. नमुना हातात असलेल्या जाणकारांचं असं झालं, तर आपण धक्क्यावर उभं राहून किती घाई करावी?

माझी स्वतःची घाई भिगवणला झाली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गेल्या जानेवारीत कुंभारगावहून नावेतून निघालो होतो. 1980 साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाचं हे मागचं पाणी, पुण्यापासून शंभरेक किलोमीटर. पहाटे साडेचारला घर सोडलं की उजाडताना पाण्यावर. तिथे हिवाळ्यात दोन लहान कुरव एकत्र असतात. तपकिरी डोक्याचा कुरव, जो लडाख-तिबेटच्या उंच तळ्यांवर वीण करून खाली येतो, आणि काळ्या डोक्याचा. हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरी, कानामागे एक डाग, त्यामुळे नावाचा काही उपयोग नाही. डोळा बघायचा. तपकिरी डोक्याच्याचा डोळा फिका, काळ्या डोक्याच्याचा गडद. पंख उघडला की तपकिरी डोक्याच्याच्या काळ्या टोकात मोठे पांढरे ठिपके दिसतात, त्यांना आरसे म्हणतात. काळ्या डोक्याच्याच्या पंखाची पुढची कड पांढरी आणि काळं अगदी काठाला, बारीक.

शेजारच्या नावेतली मंडळी फरसाण उधळत होती. (हे करू नये. तळलेलं, मिठाचं, मसाल्याचं त्यांच्या पोटाला काय कामाचं? फोटो जवळून मिळतो म्हणून करतात, पण चिलापी पकडून खाणारा पक्षी शेवेमागे धावताना बघून मला वाईट वाटतं.) त्या गोंधळात एक पक्षी माझ्या अगदी जवळ पाण्यावर उतरला. आकारानं तपकिरी डोक्याचा, चोच जाड. पण डोळा काळा. पंख उघडला तर टोक रुंद काळं आणि त्यात आरसा नाहीच. माझं काळीज धडधडायला लागलं. सिएटलचा हिवाळा डोक्यात ताजा होता. एकाचा डोळा, दुसऱ्याची अंगलट, मी बरोबरच्यांना सांगूनही टाकलं, संकर आहे.

नावाडी वल्हं थांबवून म्हणाला, "काका, ते लहान हाय. ह्या सालचं. डोळा मागनं पांढरा हुतो."

तेवढ्यात पक्षी उडाला आणि शेपटीच्या टोकाला काळी पट्टी दिसली, पंखावर तपकिरी पिसं दिसली. पहिल्या हिवाळ्यातलं पिल्लू. त्या वयात तपकिरी डोक्याच्याचा डोळा गडदच असतो आणि आरसे यायचे असतात. वय आधी, हे मी लेकीला शंभरदा सांगितलेलं, आणि त्या दिवशी मीच ती पायरी गाळली. त्या माणसानं लहानपणापासून हे पक्षी दर हिवाळ्याला बघितलेत. त्याच्याकडे पट्टी नाही, पुस्तक नाही, आणि त्याला वय पहिल्या नजरेत दिसलं. आता भिगवणला गेलो की मी त्याच्याच नावेत बसतो आणि शंका आली की आधी त्याला विचारतो.

कोकणात हर्णैच्या मासळी लिलावाला गेलात तर मोठे गडद पाठीचे कुरव दिसतील. ह्युग्लिन, स्टेप असे त्यांचे प्रकार, कोणी त्यांना स्वतंत्र जाती मानतं, कोणी लेसर ब्लॅक-बॅक्डच्या उपजाती. उत्तर ध्रुवाभोवती कुरवांची एक साखळी आहे, तिच्यातले शेजारी एकमेकांशी जोड्या करतात पण युरोपात भेटणारी दोन टोकं करत नाहीत, ही गोष्ट अनेक वर्षं पाठ्यपुस्तकांत होती. 2004 मध्ये लीबर्स, द क्नाइफ आणि हेल्बिग यांनी जनुकं तपासून दाखवलं की अशी साखळी नाही. हर्णैच्या त्या पक्ष्यांत मी संकर शोधायला जात नाही. मूळ रेघाच जिथे पुसट, तिथे मिश्रणाबद्दल मी काय बोलणार?

आता लेकीच्या फोटोबद्दल. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना दोन वेगळे पर्याय असतात आणि ते एकच समजण्याची चूक खूप जण करतात. दोन नावांमध्ये तिरकी रेघ असेल तर अर्थ 'या दोघांपैकी एक, कोणता ते ठरत नाही'. मध्ये फुली असेल तर अर्थ 'हा दोघांचा संकर आहे'. फुली हा ठाम दावा आहे. तो पुराव्याशिवाय करू नये, आणि पुरावा असेल तर घाबरून टाळूही नये. सिएटलमध्ये कित्येक जण प्रत्येक मधल्या पक्ष्याला नुसता ग्लॉकस-विंग्ड लिहून मोकळे होतात. त्यानं नोंदींत संकरित कमी दिसतात आणि त्या पट्ट्याचं खरं चित्रच हरवतं.

मी पट्टी काढली, फोनचा उजेड पूर्ण केला आणि लेकीचा फोटो मोठा करून बघितला. पक्षी पूर्ण वाढलेला, चोचीवर काळं काही नाही. डोकं आणि मान चांगलीच मळलेली. चोच जाड. पाठ माझ्या मते साडेसहा-सातच्या आसपास, पण मागे पांढरं आभाळ, शेजारी दुसरा कुरव नाही, म्हणून या आकड्यावर मी पैज लावणार नाही. पंखाचं टोक नेमकं खांबाच्या लोखंडी टोपीआड गेलेलं. ज्याच्यावर निकाल ठरायचा तेच झाकलेलं!

मी लिहिलं, "सध्या तिरकी रेघ टाक. मला ऑलिंपिकच वाटतोय, पण टोक दिसल्याशिवाय फुली नको."

तिचं उत्तर आलं, "उद्या ओहोटी दुपारी आहे, तेव्हा शिंपले फोडायला सगळे खाली उतरतात. बघते."

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे सकाळी साडेसातला चार फोटो आले. तोच पक्षी आहे की दुसरा, सांगता येत नाही, त्यामुळे पहिली नोंद तिरक्या रेघेचीच राहिली. पण चौथ्या फोटोत एक कुरव चोचीत शिंपला धरून दगडांवरून वर उठतोय, पंख पूर्ण उघडे, आणि खाली डाव्या कोपऱ्यात एक स्वच्छ फिका ग्लॉकस-विंग्ड, त्याच उजेडात. वरच्याची पाठ त्याच्यापेक्षा सरळ एक-दीड पायरी गडद. टोकं शिसपेन्सिलीची. मान मळकी. खालून पंख मऊ राखाडी.

त्याला तिनं फुली टाकली. मी विचारायच्या आधीच.